जॉनी डेपची चित्रं पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडचा नट जॉनी डेप याच्या चित्रांचं ‘अ बंच ऑफ स्टफ’ हे प्रदर्शन ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात उघडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये टोकियोला गेलं. न्यू जर्सीतलं जर्सी सिटी आणि एडिसन, टोकियोतलं निशी-कासाई इथे मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि मुलांकडे दोन-तीन महिने राहायला गेलेले आईवडीलही. त्यांचे प्रश्न साधारण सारखे असतात. उत्तरांत माहिती आहे आणि माझी मतंही आहेत. दोन्ही वेगळी ओळखू येतील.

हे चित्रप्रदर्शन आहे की शो?

दोन्ही. एका बाजूला त्यानं हातानं केलेली चित्रं आणि रेखाटनं टांगलेली असतात. दुसऱ्या बाजूला अंधार, आवाज आणि भिंतभर हलणाऱ्या प्रतिमा. तिकीट काढणारे बहुतेक जण दुसऱ्या भागासाठी येतात. मी म्हणेन, पहिल्यासाठी जा.

डेप खरंच चित्रं काढतो? की नावावर खपवलेला माल आहे?

काढतो, आणि बऱ्याच वर्षांपासून. फक्त दाखवत नव्हता. लोकांसमोर हे ठळकपणे आलं जुलै २०२२ मध्ये. ब्रिटनमधल्या कासल फाइन आर्ट या गॅलरीनं त्याच्या चार व्यक्तिचित्रांच्या सहीच्या मर्यादित प्रती विकायला काढल्या: गायक बॉब डिलन, नटी एलिझाबेथ टेलर, नट अल पचिनो आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स. मालिकेचं नाव होतं ‘फ्रेंड्स अँड हीरोज’. एका प्रतीची किंमत ३,९५० पौंड, चारही घेतल्या तर १४,९५०. अशा ७८० प्रती काही तासांत संपल्या आणि सुमारे ३० लाख पौंडांचा धंदा झाला. मार्च २०२३ मध्ये दुसरा संच आला. त्यात नट हीथ लेजर आणि रिव्हर फीनिक्स, गायक बॉब मार्ली आणि लेखक हंटर थॉम्प्सन होते. त्याच वर्षी ‘फाइव्ह’ नावाचं आत्मचित्र आलं, आणि पुढे टॅरोच्या पत्त्यांवर बेतलेली मालिका.

याच सुमारास त्यानं चित्रकार मोदिल्यानीवर सिनेमाही दिग्दर्शित केला. १९१६ च्या पॅरिसमधले तीन दिवस त्यात आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात तो सान सेबास्तियनच्या महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे चित्रकलेचं वेड जाहिरातीपुरतं नाही, एवढं मानायला हरकत नाही.

आता दर्जा. व्यक्तिचित्रांचा पाया पॉप आर्टचा आहे: चेहऱ्याचा ठाशीव आकार, सपाट रंग आणि त्यावर मोकळ्या हाताच्या फटकाऱ्यांची सजावट. हात सफाईदार आहे. पण या चित्रांत एक अडचण आहे, ती पाहताना लक्षात ठेवा. प्रसिद्ध माणसानं प्रसिद्ध माणसांचे चेहरे काढले आहेत. डिलनचा चेहरा दिसला की आपल्या डोक्यात गाणी सुरू होतात, आणि चित्रानं करायचं काम ती गाणीच करून टाकतात. म्हणून ज्या कागदांवर कुणीच ओळखीचं नाही, नुसती रेघ आहे, तिथे जास्त थांबावं असं मला वाटतं. नटाचं नाव तिथे फारसं मदतीला येत नाही.

‘इमर्सिव्ह’ म्हणजे काय असतं?

प्रेक्षकाला चित्रासमोर उभं न करता चित्राच्या आत उभं करायचं, असा दावा. प्रत्यक्षात ही प्रोजेक्टरची करामत आहे. चार भिंती आणि बऱ्याचदा जमीनही पडदा म्हणून वापरतात. इतकी मोठी जागा एका प्रोजेक्टरला झेपत नाही, म्हणून बरेच प्रोजेक्टर छताला टांगतात. शेजारच्या दोन प्रतिमा कडेला थोड्या एकमेकींवर चढवतात आणि त्या पट्ट्यात दोन्हींचा उजेड हळूहळू उतरवत नेतात, म्हणजे जोड दिसत नाही. चांगल्या ठिकाणी तो खरंच दिसत नाही. घाईत उभारलेल्या ठिकाणी भिंतीच्या कोपऱ्यांकडे नजर टाका, लगेच सापडेल.

प्रकार नवा वाटतो, पण जुना आहे. दक्षिण फ्रान्समध्ये ले बो-द-प्रोव्हान्सला चुनखडीच्या बंद खाणी आहेत. तिथल्या उंच पांढऱ्या भिंतींवर १९७७ पासून प्रतिमा टाकल्या जात होत्या. २०१२ पासून तिथे नव्या यंत्रणेचे, मोठ्या चित्रकारांवरचे कार्यक्रम सुरू झाले. २०१८ मध्ये त्याच मंडळींनी पॅरिसमधल्या एका जुन्या फाउंड्रीत हा खेळ नेला आणि तिथून जगभर लाट आली. व्हॅन गॉग, क्लिम्ट, मोने, फ्रिडा काहलो. या सगळ्यांत एक गोष्ट समान होती: चित्रकार हयात नव्हते, आणि मूळ चित्रं दुसरीकडे संग्रहालयांत होती. खोलीत फक्त उजेड.

डेपच्या बाबतीत चित्रकार जिवंत आहे आणि मूळ चित्रं त्याच छताखाली आहेत. मला हा फरक मोठा वाटतो. एकच चित्र कागदावर आणि भिंतीवर, दोन्ही रूपांत पाहायला मिळण्याची संधी व्हॅन गॉगच्या शोमध्ये नसते.

आधी काय पाहू, मूळ चित्रं की प्रोजेक्शन?

मूळ चित्रं. रचनेनं उलटा क्रम लादला असेल, तर प्रोजेक्शन झाल्यावर थोडा वेळ डोळे उजेडाला सरावू द्या आणि मग चित्रांकडे जा.

कारण साधं आहे. हातभर कागदावरचं रेखाटन पंधरा फुटी भिंतीवर गेलं की त्याचं माप हरवतं. चित्रकारानं मनगटानं मारलेली रेघ आणि अख्ख्या खांद्यानं मारलेली रेघ वेगळी असते. भिंतीवर दोन्ही सारख्याच जाड दिसतात. रंगाचा थर, कॅनव्हासचा पोत, ब्रश कोरडा पडत गेलेली जागा, हे सगळं उजेडात विरघळतं. आणि काळा रंग! प्रोजेक्टरला काळं टाकताच येत नाही. काळं म्हणजे तिथे उजेड न टाकणं. खोलीत इकडून-तिकडून आलेला प्रकाश त्या जागेवर पडतो आणि तिचा राखाडी होतो. ज्या चित्रांची सगळी मदार गडद रेघेवर आहे, त्यांचं यात सर्वात जास्त नुकसान होतं.

एकदा मूळ पाहिलेलं असलं की हेच प्रोजेक्शन मजेचं होतं. कुठला तपशील मोठा केलाय, कुठला गाळलाय, कुठे संगीतानं नसलेली भावना आणून ठेवलीये, हे कळायला लागतं.

तिकीट कसं काढावं?

तारीख आणि वेळ दोन्ही ठरवून तिकीट काढायचं, अशी पद्धत बहुतेक इमर्सिव्ह प्रदर्शनांत असते. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. कामाच्या दिवशी सकाळचा पहिला स्लॉट सर्वात चांगला. मोकळ्या खोलीत आणि भरलेल्या खोलीत भिंत फार वेगळी दिसते, कारण भरलेल्या खोलीत प्रत्येक भिंतीवर आधी दहा फोन दिसतात.

प्रदर्शनाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच तिकीट काढा. २०२१ मध्ये न्यूयॉर्कला एकाच वेळी व्हॅन गॉगचे दोन इमर्सिव्ह शो चालू होते. एक पिअर ३६ वर, दुसरा व्हेसी स्ट्रीटवर. नावं इतकी सारखी की लोकांनी एकाचं समजून दुसऱ्याचं तिकीट काढलं आणि ग्राहक संस्थेला इशारा द्यावा लागला. नावातले सगळे शब्द, पत्ता आणि तारीख जुळवूनच पैसे भरा.

फार महिने आधीही काढू नका. या धंद्यात चढउतार आहेत. व्हॅन गॉगच्या शोमुळे अमेरिकाभर पसरलेल्या टोरोंटोच्या लाइटहाउस इमर्सिव्ह कंपनीनं जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर शो रद्द झाल्यावर परत मागायला निदान एक दार असतं.

किती वेळ लागतो?

दीड तास ठेवा. प्रोजेक्शनचा भाग फिरून-फिरून चालू असतो, म्हणून ‘सुरुवात चुकली’ अशी हळहळ नको. मधूनच शिरा आणि तीच प्रतिमा पुन्हा आली की निघा.

न्यूयॉर्कला ते नेमकं कुठे होतं? त्या जागी जाण्यात आता काही अर्थ आहे का?

आहे, आणि प्रदर्शनाशिवायही आहे. जागा होती स्टॅरेट-लीहाय बिल्डिंग. पश्चिमेकडची २६ वी आणि २७ वी गल्ली आणि अकरावा व बारावा ॲव्हेन्यू यांच्यामधला अख्खा चौक या इमारतीनं व्यापला आहे. १९३१ साली ती पूर्ण झाली ती मालाचं कोठार म्हणून. लीहाय व्हॅली रेल्वेच्या वाघिणी न्यू जर्सीच्या काठावर तराफ्यांवर चढवत, हडसन नदी ओलांडून आणत आणि रुळांवरून थेट तळमजल्यात घेत. वर माल नेण्यासाठी अख्खा ट्रक मावेल अशा लिफ्ट होत्या. बाहेरून बघाल तर काचेचे लांबच लांब पट्टे इमारतीला गुंडाळल्यासारखे दिसतात, कोपऱ्यावरही न तुटता. १९८६ मध्ये शहरानं तिला वारसा इमारतीचा दर्जा दिला. आता आत कार्यालयं, फॅशनवाले आणि असे शो.

एडिसनहून जायचं तर न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीनं पेन स्टेशन. तिथून पश्चिमेकडे चालत जा किंवा सी/ई लाइननं २३ व्या गल्लीला उतरा. सात नंबरच्या लाइनचं हडसन यार्ड्स स्टेशनही जवळ आहे. परत येताना हाय लाइनवरून चाला. जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवर केलेली ही बाग जवळूनच जाते.

आणि एक गोष्ट आग्रहानं सांगतो. याच भागात, विशेषतः विसाव्या ते सत्ताविसाव्या गल्लीत, चेल्सीच्या शेकडो गॅलऱ्या आहेत. तिथे तिकीट लागत नाही. दार ढकलून आत जायचं, कुणी काही विचारत नाही. साड्यांच्या दुकानासारखं ‘घेणार का’ असंही कुणी मागे लागत नाही. रविवार-सोमवार बहुतेक बंद असतात, म्हणून मंगळवार ते शनिवार जा. डेपसाठी काढलेल्या दिवसात दोन तास इथे घातलेत, तर तिकिटाच्या भिंतींपेक्षा जास्त चित्रं बघून परत याल.

टोकियोला?

तिथली जागा ताकानावा गेटवे स्टेशनला लागून असलेल्या ‘न्यूमन ताकानावा’ या मॉलमध्ये होती. यामानोते लाइनवर शिनागावा आणि तामाची यांच्यामध्ये हे स्टेशन आहे. २०२० मध्ये उघडलं, आराखडा वास्तुरचनाकार केंगो कुमाचा. निशी-कासाईहून येणाऱ्यांनी तोझाई लाइननं ओतेमाची गाठावं, तिथून आतल्या आत टोकियो स्टेशनला चालत जावं आणि शिनागावाच्या दिशेची यामानोते पकडावी.

गंमत म्हणजे ही जागाही रेल्वेचीच. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली सुरू झाली, तेव्हा इथे समुद्रात दगडी बांध घालून त्यावरून रूळ नेले होते. २०१९ मध्ये खोदकामात तो बांध सापडला आणि त्याचा काही भाग जतन केला आहे. चालत जाण्याच्या अंतरावर सेनगाकुजी मंदिरात सत्तेचाळीस रोनिनच्या, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंच्या, समाध्या आहेत. प्रदर्शन कंटाळवाणं निघालं तरी दिवस वाया जाणार नाही.

प्रदर्शन फिरतं आहे, त्यामुळे निघण्याआधी चालू शहर आणि शेवटची तारीख बघून घ्या.

लहान मुलांना नेऊ का? आजी-आजोबांना?

मुलांना प्रोजेक्शन आवडतं, ती जमिनीवरच्या प्रतिमांमागे धावतात. मूळ चित्रांच्या भागात हात धरून ठेवा. मात्र चित्रांत कवट्या आणि मृत्यूच्या खुणा येतात, टॅरोच्या मालिकेत तर ‘मृत्यू’ हा एक पत्ताच आहे. दचकणारं मूल असेल तर आधी इंटरनेटवर चार चित्रं दाखवून अंदाज घ्या.

वयस्कर माणसांसाठी दोन गोष्टी. अंधारात जमीन हलतेय असं वाटतं आणि तोल जातो, म्हणून आत शिरल्यावर थोडं थांबून मग पुढे व्हा आणि बसायची जागा दिसली की बसा. चक्कर येत असेल तर एका स्थिर गोष्टीकडे, दाराच्या चौकटीकडे किंवा स्वतःच्या बुटांकडे पाहा. ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे, त्यांनी लखलखणाऱ्या दिव्यांबद्दल दारावर विचारल्याशिवाय आत जाऊ नये.

फोटो काढता येतात?

प्रोजेक्शनमध्ये काढा, तो भाग त्यासाठीच असतो. फ्लॅश मात्र बंद, कारण तुमच्या फ्लॅशनं सगळ्यांची भिंत क्षणभर पांढरी होते. मूळ चित्रांपाशी पाटी वाचा.

त्याच्या कोर्टकचेऱ्यांचं काय? असं प्रदर्शन पाहणं म्हणजे बाजू घेणं नाही का?

आधी नोंदी. नोव्हेंबर २०२० मध्ये लंडनच्या कोर्टात डेप एका ब्रिटिश वृत्तपत्राविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा हरला. त्यानं पत्नीला मारहाण केल्याचा छापलेला आरोप न्यायाधीशांनी बऱ्याच अंशी खरा धरला. जून २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीनं मात्र त्याची घटस्फोटित पत्नी अँबर हर्ड हिच्याविरुद्धच्या दाव्यात त्याच्या बाजूनं निकाल दिला. हर्डच्या प्रतिदाव्यातही तिला २० लाख डॉलर मंजूर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये दोघांनी तडजोड केली. पहिल्या चित्रांची विक्री व्हर्जिनियातल्या निकालानंतर दोन महिन्यांच्या आतली आहे, हेही ध्यानात असू द्या. त्या खरेदीत चित्र किती आणि चाहत्यांचा जल्लोष किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. ‘फाइव्ह’ हे आत्मचित्रही त्याच काळाबद्दल आहे.

जायचं की नाही, हे ज्यानं-त्यानं ठरवावं. घरात मतभेद असतील तर दोन तिकिटं कमी काढा.

नटांनी चित्रं काढणं हे नवीन फॅड आहे का?

अजिबात नाही. अँथनी क्विन चित्रं आणि शिल्पं दोन्ही करायचा. सिल्वेस्टर स्टॅलनची चित्रं २०१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये लागली होती. अँथनी हॉपकिन्स पत्नीच्या आग्रहानं चित्रांकडे उशिरा वळला आणि रमला. पिअर्स ब्रॉस्नननं काढलेलं डिलनचं चित्र २०१८ मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या काळातल्या एका मदतनिधी लिलावात १४ लाख डॉलरना गेलं. (डिलनला बिचाऱ्याला सगळेच धरतात.) जिम कॅरीनं त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये राजकीय व्यंगचित्रांचं प्रदर्शन भरवलं. मला या सगळ्यांत कॅरीचा राग खरा वाटतो.

आपल्याकडे अमोल पालेकर आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आधी चित्रकार, मग रंगभूमी, मग सिनेमा. स्वतःची ओळख ते शिक्षणानं चित्रकार, अपघातानं नट, नाइलाजानं निर्माता आणि आवडीनं दिग्दर्शक अशी करून देतात. त्यांची चित्रं अमूर्त आहेत. त्यात कुणाचा चेहरा नाही, सिनेमाची आठवण नाही. पालेकरांच्या कॅनव्हासवरून सही झाकली तर नट दिसत नाही. डेपच्या कॅनव्हासवरून झाकली तर समोर बॉब डिलन उरतो. कुठला मार्ग बरा ते तुम्ही ठरवा. मी पालेकरांच्या बाजूचा आहे.

आणि उलट दिशेची वाट तर कोल्हापूरनं केव्हाच पाडून ठेवली आहे. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता-रंगवता सिनेमाकडे वळले आणि त्यांच्या कंपनीत व्ही. शांताराम तयार झाले.

तिथल्या दुकानातून प्रिंट घ्यावी का?

पोस्टर आवडलं तर घ्या, भिंतीला शोभा. सही-क्रमांकाची महागडी प्रत ‘गुंतवणूक’ म्हणून घेऊ नका. मर्यादित प्रतीची किंमत कलाकाराच्या प्रसिद्धीवर उभी असते, आणि पुन्हा विकायला जाल तेव्हा घेणारा शोधायची जबाबदारी तुमची. घ्यायचीच असेल तर एकूण किती प्रती काढल्यात, सही हाताची की छापील, आणि सत्यतेचं प्रमाणपत्र कुणाचं, एवढं विचारा. भारतात आणताना कस्टमसाठी पावती जपून ठेवा.

एवढ्या लांब जायचं नाही. मुंबईत असं काही पाहता येतं का?

प्रोजेक्शनचा प्रकार मुंबईला नवा नाही. जानेवारी २०२३ मध्ये कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हॅन गॉगचा ३६० अंशांचा शो आला होता, आणि असे शो अधूनमधून येत राहतात. चित्रं पाहायची असतील तर काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जा. १९५२ पासून उभी आहे, प्रवेश फुकट, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला विचारा की रेघ कुठून सुरू केली. आनंदानं सांगतो.

डेप स्वतः भेटेल का?

नाही. नट आलाच तर उद्घाटनाच्या संध्याकाळी येतो, निमंत्रितांसाठी. मंगळवारी सकाळी अकराच्या स्लॉटला तुम्ही आणि सुरक्षारक्षक.